बुजवलेल्या विहिरीतल्या गोट्या

माझ्या दुकानातल्या टेबलावर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती आणि ती गळ्यापर्यंत गोट्यांनी भरलेली होती. फरशी बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी बरणीकडे बघायचं आणि मग माझ्याकडे.

"शेठ, पोरांच्या आहेत का?"

"नाही, माझ्याच आहेत."

मग हसणं व्हायचं, चहा यायचा आणि गिऱ्हाईक भाव करताना जरा नरम पडायचं. बरणीत सोड्याच्या बाटलीतल्या हिरवट गोट्या होत्या, दुधी होत्या, पोटात पिवळी-निळी पाकळी असलेल्या होत्या. तळाशी थोड्या खऱ्या संगमरवराच्या होत्या. राजस्थानात खाणीजवळच्या एका गावात उरलेल्या तुकड्यांच्या गोट्या करून विकायचे, तिथून मी आणलेल्या. काचेची गोटी हातात लगेच ऊबदार होते. दगडाची बराच वेळ गार राहते.

खिशात कायम एखादी गोटी असायची. मिस्त्रीनं बाथरूमची फरशी बसवली की मी उकिडवा बसून गोटी सोडायचो. ती मोरीच्या जाळीकडे गेली तर ठीक, भिंतीकडे गेली तर मिस्त्री माझ्याकडे बघायचं टाळायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते गोटी सांगते, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

मला मात्र तिनं जे सांगितलं ते मी लपवलं. माझ्या आवारातल्या बुजवलेल्या विहिरीखाली पोकळी वाढते आहे, हे मला एकट्याला माहीत होतं, आणि त्या जागेवर रोज माणसं वावरत होती. त्याचं फळ माझ्या वडिलांना भोगावं लागलं. आज ते नाहीत. त्यांच्यासमोर जे बोलायचं होतं ते इथं लिहितो आहे. याचा त्यांना काही उपयोग नाही, हे मला कळतं.

आमची जमीन आग्रा रोडला लागून, आडगावच्या अलीकडे. आम्ही फुलवाले. वडिलांना सगळे नाना म्हणायचे, आम्हीसुद्धा. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. पहाटे फुलं तोडायची, ओल्या कापडात बांधायची आणि उजाडायच्या आत फुलबाजारात पोचवायची, हा त्यांचा जन्मभराचा क्रम. मी तो मोडला. नव्वदीच्या मध्यावर नाशिक चहूबाजूंनी वाढायला लागलं होतं. जिकडे बघावं तिकडे इमारती, आणि प्रत्येकाला हॉलमध्ये पांढरी फरशी पाहिजे. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा मी नानांकडून मागून घेतला आणि मार्बलचं दुकान टाकलं.

"काळ्या जमिनीवर पांढरा दगड आणून ठेवणार," नाना म्हणाले. "आन् तो लोक पैसे देऊन नेणार?"

"नेतात, नाना."

"न्या बाबा. आम्ही जन्मभर शेतातले दगड येचून बांधावर फेकले. येडे होतो."

पण दगड-दगडांत फरक असतो हे मला पहिल्यांदा राजस्थानातल्या मकराण्याला गेलो तेव्हा कळलं. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर बसलेला. पहार मारली तर ठिणगी उडते. संगमरवर मुळात चुना. कुठल्या तरी जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला, मग जमिनीच्या पोटात दाबला गेलेला, भाजला गेलेला, आणि त्या तापात त्याचा कणन्‌कण नव्यानं घडलेला. खाणीवरच्या एका म्हाताऱ्या मॅनेजरनं मला हे समजावलं. त्याला दगड विकण्यापेक्षा बोलायची हौस जास्त. तो म्हणाला, संगमरवर देखणा असतो, पण मनानं कच्चा. लिंबू पडलं तरी डाग धरतो, आंबट पाण्यानं विरघळतो.

खाणीच्या काठावरून मी खाली पाहिलं. तळाशी काम करणारी माणसं अंगठ्याएवढी दिसत होती. हिरे बसवलेली तार गोल फिरत दगड कापत होती, तिच्यावर पाण्याची धार सोडलेली होती आणि दुधासारखा गाळ भिंतीवरून ओघळत होता. खाणीला लागूनच वस्ती होती. एक बोळ चालत चालत एका भिंतीपाशी संपत होता, आणि भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. भिंतीच्या अलीकडे एक बाई पापड वाळत घालत होती.

मी मॅनेजरला विचारलं, इथं लोक राहतात?

"रहते हैं ना," तो म्हणाला. "नीचे सब खाली है, लेकिन ऊपर से दिखता थोड़े ही है."

तो हसला. मीही हसलो.

दुकान चाललं. मग दुकानामागं कटिंगची मशीन आली. मापाप्रमाणे फरशी कापून द्यायची तर पाणी लागतं, आणि त्या पाण्याचा पांढरा गाळ होतो. आमच्या भाषेत स्लरी. ती वाळली की सिमेंटसारखी कडक, ओली असली की गुळगुळीत चिखल. तिचं करायचं काय, हा मोठा प्रश्न. शेतात सोडावी तर माती दगड होते. एकदा थोडी शेवंतीच्या वाफ्यात गेली तर तिथं पुढं दोन पावसाळे गवतही उगवलं नाही. नाना त्या वाफ्याशी उभे राहायचे आणि मला दिसेल असं उभे राहायचे.

मशीनच्या मागे विहीर होती. माझ्या आजोबांनी खणलेली, काळ्या दगडात बांधलेली, काठावर उंबर. बोअर झाल्यापासून तिच्यावर मोटर नव्हती. ती नेमकी माझ्या आवाराच्या मध्ये येत होती. लाद्यांच्या घोड्या ठेवायला जागा पुरत नव्हती. घोडी म्हणजे लोखंडी तिरकी चौकट; तिला दोन्ही अंगांनी लाद्या टेकवून उभ्या करतात. मी हिशेब मांडला: विहीर बुजवली की जागाही मिळते आणि तुकडे, स्लरी, सगळा कचराही जातो. एका दगडात दोन पक्षी.

नानांना हे सांगायला मला बरेच दिवस लागले. ते शेवंती खुडत होते. वर न बघता म्हणाले, "विहीर बुजवू नये."

"का?"

"का म्हंजे? नसतं बुजवायचं."

"नाना, पाणी कोण काढतंय तिचं? उद्या कुणाचं जनावर पडलं, पोर पडलं तर?"

हे मी मुद्दाम म्हणालो. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नसणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी हातातली फुलं पाटीत टाकली.

"बुजव," शेवटी म्हणाले. "पण कोंडू नको तिला. एक पाइप उभा सोड खोलवर. वर उघडा राहू दे. तिला श्वासाला वाट पाहिजे. आन् कधीच बंद करू नको."

आमच्याकडे असा पाइप ठेवतात. जुनी माणसं विहिरीच्या जिवासाठी ठेवतात. मला वाटतं, त्यात शहाणपणही असावं. पावसाळ्यात खालून पाणी चढतं, त्याच्याबरोबर कोंडलेली हवा वर यायला वाट लागते. मी कबूल झालो. महिनोन्‌महिने ट्रॉल्या रिकाम्या केल्या. खाली तुकडे, वर स्लरी, परत तुकडे, परत स्लरी. दाबलं काही नाही. पाण्यानं आपोआप बसेल म्हणालो. कठड्याचे दगडही आतच ढकलले. वर सिमेंटचा कोबा घातला, घोटून गुळगुळीत केला. एका कडेला पाइपाचं तोंड ठेवलं, हातभर वर.

कोबा वाळल्यावर मी सहज पाइपात एक गोटी टाकली. लहानपणी विहिरीत खडे टाकून आवाज ऐकायचो, त्याच सवयीनं. गोटी पाइपाला टकटक आपटत गेली आणि त्याच्या खालच्या टोकाशी तुकड्यांवर ठणकन थांबली. आवाज भरीव होता. मला बरं वाटलं. त्याच जागेवर मी चार घोड्या उभ्या केल्या.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर परत एक गोटी टाकली. ती ठणकन वाजली, पण वाजून थांबली नाही. कुठं तरी पुढं घरंगळत गेली. तुकड्यावरून तुकड्यावर, उतरत. मी पाइपाला कान लावून बसलो होतो. आतून गार, ओल्या चुन्याचा वास येत होता.

मनाशी म्हणालो, थोडं बसलं असेल. बसणारच.

त्याच्या पुढच्या वर्षी पाइपातली टकटक संपल्यावर मधे काहीच ऐकू आलं नाही. मग खूप खालून, डुबुक.

त्या पावसाळ्यातच मला दुसरी खूण मिळाली होती. आमच्या हद्दीमागं एक ओहोळ आहे. श्रावणात तो नेहमी गढूळ तांबूस वाहतो. त्या वर्षी काठाच्या खडकातल्या एका भेगेतून पांढरं पाणी पाझरत होतं. ताकासारखं. मी तिथं छत्री धरून उभा राहिलो आणि सगळं समजलं. विहिरीला जुने झरे होते. काळ्या दगडाला उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यांतूनच पाणी येतं आणि त्यांतूनच जातं. पावसाचं पाणी विहिरीत चढत होतं, उतरताना स्लरीची भुकटी बरोबर घेऊन जात होतं. वरचा कोबा झाकणासारखा जागेवर होता. खालचं भरताड वाहून चाललं होतं.

मला तो खाणीकाठचा बोळ आठवला. त्या मॅनेजरचं वाक्य आठवलं. आणि मी घरी येऊन जेवलो.

काय करायला हवं होतं ते साधं होतं. घोड्या काढायच्या, कोबा फोडायचा, विहीर नीट मुरूम घालून दाबून भरायची. पण त्यासाठी आवार महिना-दीड महिना बंद ठेवावं लागलं असतं, आणि तो दिवाळीआधीचा मोसम होता. हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला आजही जड जातं. कोबा फोडला असता तर नाना तिथं येऊन उभे राहिले असते, वाफ्याशी उभे राहायचे तसे. 'नसतं बुजवायचं' हे त्यांचं एकच वाक्य बरोबर ठरलं असतं. ते मला नको होतं.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, पाइप बंद केला. मुकादमाला सांगितलं, तोंडावर फरशीचा तुकडा ठेव आणि सिमेंटनं लिंप. मुकादम हरसूलकडचा, अंगानं किरकोळ, पण लाद्यांची अख्खी टोळी त्याच्या शब्दावर चालायची.

"नाना रागावतील ना, शेठ?"

"नानांना मी सांगतो."

"मग ठीक हाय."

नानांचे डोळे तोवर अधू झाले होते. पाइपाभोवती मी रंगाचे रिकामे डबे रचून ठेवले. त्यांना कळलं नाही. बायकोला कळलं. ती म्हणाली, "पाइपाचं तोंड का लिंपलंत?" मी म्हणालो, "साप निघतात." तिला सापांची भीती वाटायची. पुढं तिनं विचारलं नाही. त्यानंतर मी पाइपात गोटी टाकायचा प्रश्नच उरला नाही. मला वाटतं, ते तोंड मी त्याचसाठी बंद केलं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पुढच्या उन्हाळ्यात मी चारही घोड्या तिथून हलवल्या. वजन नको म्हणून. त्यांच्यावर चांगला माल होता, एकसारख्या शिरांचा, एका बंगल्यासाठी राखलेला.

"शेठ," मुकादम घाम पुसत म्हणाला, "घोड्या चरायला नेताय काय रोज नव्या जागी? लय दमवलं बाबा."

"गाडी वळवायला जागा पाहिजे."

टोळी हसली. पण गाडी मी तिथं कधीच वळवू दिली नाही. दोन टोकांना पाण्याचे पिंप उभे केले, म्हणजे चाक जाणार नाही. सगळा बंदोबस्त केला. दगड सुखरूप केले. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना एका शब्दानं काही सांगितलं नाही.

आणि ती जागा मोकळी झाल्यामुळेच नाना तिथं आले.

कोबा स्वच्छ होता, सपाट होता, वर उंबराची सावली. फुलांना माती लागत नाही. एका दुपारी मी दुकानातून मागे आलो तर नाना कोब्याच्या मधोमध मांडी घालून बसलेले, समोर शेवंतीची रास, आणि सोबत तोडणीच्या तिघी बायका.

"ये," ते म्हणाले. "बापजन्मात पहिल्यांदा तुझ्या धंद्याचा उपयोग झाला."

बायका खिदळल्या.

"नाना, इथं नका बसू."

"का?"

"इथं... माल उतरवायचाय."

"केव्हा?"

"येईल आता."

"आला की उठू. आम्ही काय इथं संसार थाटलाय?"

माल आला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथं रिकामे क्रेट रचून ठेवले. दुपारी ते क्रेट बाजूला होते आणि नाना मध्ये. तिसऱ्यांदा मी सांगितलं की कटरची धूळ उडते, छातीला बरी नाही. त्यावर एक म्हातारी बाई म्हणाली, "नाना, लेक हुसकावतोय बघा तुम्हाला. भाडं मागंल आता." नाना हसले नाहीत. त्यांना लागलं. ते म्हणाले, "ही जागा माझ्या बापानं हातानं खणलीये. इथून मला उठवू नको."

मी दुकानात परत आलो. मला वाटलं, माणसाचं वजन ते काय. लाद्यांच्या घोड्या सोसल्या, म्हातारा सोसणार नाही का? असा हिशेब मी मांडला, आणि मनाला पटवला. पण मी स्वतः त्या कोब्यावर पाऊल ठेवत नव्हतो. नानांना चहा द्यायचा असला तर कडेला उभा राहून हात लांब करायचो. ते म्हणायचे, "ये ना, बस की." मी म्हणायचो, "फोन यायचाय."

उन्हाळा असा गेला. पावसाळ्यात ते गोठ्यात बसायचे, तेवढा मला श्वास मिळाला. नवरात्र लागलं तशी झेंडूची तोड सुरू झाली आणि माणसं परत कोब्यावर आली. दसऱ्याच्या आधी फुलांचं काम किती असतं ते आमच्यासारख्यांनाच ठाऊक. आवारात जिकडे तिकडे केशरी-पिवळ्या राशी. त्या वर्षी परतीचा पाऊस जोरात झाला. अष्टमीला दिवसभर कोसळला. मी ओहोळाकडे जाऊन आलो. भेगेतून पाणी पांढरं येत नव्हतं. स्वच्छ येत होतं. वाहून न्यायला आता फारसं काही उरलं नसावं, असं माझ्या मनात आलं, आणि मी तिथून जवळजवळ पळतच आलो.

त्या संध्याकाळी सांगायचंच असं ठरवलं. नाना पोथी घेऊन बसले होते. मी समोर बसलो. म्हणालो, "नाना, ते विहिरीचं..."

"काय?"

"काही नाही. उद्या खंडेनवमी, मशीनची पूजा लवकर उरकू."

"हार करून देतो," ते म्हणाले. "चांगला जाड करतो. तुझ्या दगडकाप्याला शोभंल असा."

खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात. सकाळी ऊन पडलं होतं. टोळीनं कटर धुऊन पुसून ठेवला होता. मी पात्याला हळद-कुंकू लावलं, नानांनी केलेला हार घातला. नारळ फोडला. मुकादमानं मागच्या बायकांना हाक मारली, "या ग, परसाद घ्यायला." त्या उठून आल्या. नाना आले नाहीत. त्यांनी हातानंच खूण केली: होऊ दे तुमचं, फुलं सोडून कसा येऊ. मी नारळाचा तुकडा घेऊन त्यांच्याकडे निघालो. कडेपर्यंत. नेहमीसारखा हात लांब केला.

आवाज मोठा झाला नाही. एखादं जडसं माणूस बसताना जसं हुंकार देतं तसा झाला. कोबा मधोमध वाकला, त्याचे मोठे तुकडे पडले, आणि नाना बसल्या बसल्या खाली गेले. झेंडूची रास त्यांच्या मागोमाग घसरली. क्षणभर नुसती फुलं दिसत होती. मग त्यांतून एक हात वर आला.

मी हललो नाही. हेही लिहिलं पाहिजे. मी कडेला उभा होतो, हातात नारळ होता, आणि पाऊल पुढं टाकलं तर मीही जाईन हे मला इतर कुणाहीपेक्षा नीट माहीत होतं. मुकादमाला ते माहीत नव्हतं. तो धावत आला, एक फळी आडवी टाकून तिच्यावर पालथा झोपला आणि लाद्या उचलायचा पट्टा नानांच्या काखेतून घातला. टोळीनं ओढलं. कोब्याखाली हातभरावर स्लरीचा एक थर मधेच अडकून राहिला होता, त्याच्या पांढऱ्या चिखलात नाना काखेपर्यंत रुतले होते. वर आले तेव्हा नखशिखांत पांढरे, केसांत झेंडूच्या पाकळ्या. कोब्याचा तुकडा कमरेवर बसला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

टेम्पोत घालताना ते माझ्याकडे बघत म्हणाले, "ती रागावली रे माझ्यावर."

मला वाटलं, वेदनेनं बरळतात. पण शस्त्रक्रिया झाली, घरी आले, आणि तेच म्हणत राहिले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "माझ्या बापानं खणलेली विहीर मी बुजवू दिली. मीच 'बुजव' म्हणालो होतो. तिनं मला ओढलं, पण जीव नाही घेतला. माफक शिक्षा केली." लोक मान डोलवायचे. कुणी म्हणायचं, नाना, तुमची पुण्याई. मी शेजारी उभा असायचो, पाणी देत, उशी सरकवत. सगळे म्हणायचे, लेक किती करतो.

मुकादम एकदा दुकानात आला. दार लोटून घेतलं.

"शेठ, पाइप मी लिंपला होता."

"तुझा काय दोष? मी सांगितलं म्हणून लिंपलास."

"मग नानांना सांगा ना. ते सोताला दोष देत बसलेत. मला बघवत नाय."

"सांगतो."

"तुम्ही सांगा. नायतर मी सांगतो."

"मी सांगतो म्हटलं ना."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. दिवाळीला गावी गेला आणि परत आला नाही. दुसरीकडे कामाला लागल्याचं कळलं. जाताना नानांच्या पाया पडला होता. काही बोलला नव्हता. माझ्या शब्दावर विसंबून, आणि तो शब्द मी पाळला नाही.

तो खड्डा मी या वेळी नीट भरला. मुरूम, रोलर, पाणी, वर नवा कोबा. नानांनी सांगितल्याप्रमाणे नवा पाइप घातला, उघडा. लोखंडी जाळी बसवली. खर्च किती झाला ते मी मोजलंच नाही, आणि त्यानं मला बरंही वाटलं नाही. पांढरं पाणी अजून कुणाकुणाच्या विहिरीत गेलं असेल, याची चौकशीही मी केली नाही.

सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही. नाना पुढं काही वर्षं होते. वॉकर धरून ओट्यापर्यंत यायचे. पुष्कळ संध्याकाळी आम्ही दोघंच असायचो. मी मनात वाक्य जुळवायचो, 'नाना, मला आधीपासून माहीत होतं.' एवढंच वाक्य. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग मला उठवलं का नाहीस? उठवलं होतं, तीनदा उठवलं होतं, पण खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं सांगून.

खरं बोललो असतो तर त्यांचा एक भार उतरला असता. त्याऐवजी ते तो वाहत राहिले. त्यांनी गोड सोडलं. नवमीला उपास धरायला लागले. दर वर्षी त्या दिवशी मला खुर्ची पाइपापाशी न्यायला लावायचे, ताटात हळद-कुंकू, नारळ, मूठभर झेंडू. बसून पूजा करायचे.

शेवटच्या वर्षी त्यांना फारसं दिसत नव्हतं. कुंकू पाइपाला लागेना, जमिनीवरच सांडलं. त्यांनी ताट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मला वाकता येत नाही. तू टेकव डोकं. माझ्या वतीनं."

मी खाली बसलो. कपाळ कोब्याला लावलं.

"म्हण, माझ्या बापाचं चुकलं. त्याला पदरात घे."

मी पुटपुटलो.

"मोठ्यानं म्हण. तिला ऐकू गेलं पाहिजे."

बायको दारात उभी होती. टोळीतली नवी पोरं कटरपाशी थांबून बघत होती. मी मोठ्यानं म्हणालो. माझ्या बापाचं चुकलं. त्याला पदरात घे.

"परत," नाना म्हणाले.

मी परत म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बास," म्हणाले. "आता मला आत ने."